मानवी अपव्यापाराचा प्रतिकार आणि विद्यापीठीय क्षेत्रकार्य : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अनुभव

प्रस्तावना :

मुंबईच्या भायखळा भागातील नागपाडा येथे १९३६ साली 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. नागपाडा नेबरहुड हाऊस या वस्तीकेंद्राच्या वास्तूत तिचे वर्ग भरत आणि त्या केंद्राचे प्रमुख क्लिफर्ड मॅनशार्ट हेच तिचे पहिले संचालक होते. तेथून कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या पायी काही मिनिटांच्या अंतरावर होत्या. १९४४ मध्ये संस्थेचे 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' असे नामकरण झाले, १९५४ मध्ये ती देवनारच्या प्रशस्त परिसरात गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. ज्या वस्तीच्या शेजारी संस्थेचा जन्म झाला, त्या वस्तीत आणल्या जाणाऱ्या स्त्रिया व मुली यांच्या प्रश्नाशी तिचा प्रत्यक्ष कार्याच्या पातळीवरचा संबंध मात्र पुढे १९८० व १९९० च्या दशकांतच दृढ झाला.

मानवी अपव्यापार हा विषय अलीकडे महाविद्यालयांच्या परिचयाचा झाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात व्याख्यान होते, महिला दिनाला फेरी निघते, भित्तिपत्रकांची स्पर्धा होते आणि वार्षिक अहवालात त्याची नोंद होते. या उपक्रमांना अजिबात अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. परंतु अपव्यापाराची साखळी जेथे खरोखर तुटते किंवा पुन्हा जुळते, ती ठिकाणे वेगळी आहेत : पोलीस ठाण्याचा ओटा, दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय, संरक्षणगृहाची खोली, रेल्वेचा फलाट आणि सुटका झालेल्या व्यक्तीचे मूळ गाव. या ठिकाणी विद्यापीठ उभे राहू शकते काय, आणि राहिले तर काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दीर्घ उदाहरण म्हणून टाटा संस्थेच्या क्षेत्रकृती प्रकल्पांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व कायदा :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ च्या मराठी अनुवादात 'माणसांचा अपव्यापार' असा शब्दप्रयोग आहे. पोलीस खात्यात 'अनैतिक मानवी वाहतूक' हा शब्द रूढ आहे, तर वृत्तपत्रे 'मानवी तस्करी' असे लिहितात. यांतील 'वाहतूक' व 'तस्करी' हे दोन्ही शब्द काहीसे दिशाभूल करणारे आहेत. त्यांच्यामुळे एखादी सीमा ओलांडली जाणे हा गुन्ह्याचा गाभा वाटू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलने मात्र तीन घटक सांगितले : कृती (भरती करणे, नेणे, आश्रय देणे, ताब्यात घेणे), साधन (बळ, फसवणूक, असहायतेचा गैरफायदा इत्यादी) आणि हेतू (शोषण). व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर दुसरा घटक सिद्ध करण्याची आवश्यकता राहत नाही. भारताने या प्रोटोकॉलला २०११ मध्ये मान्यता दिली. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० ची पुनर्रचना झाली आणि १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ व १४४ मध्ये आलेली आहे.

देहव्यापारासाठी होणारा अपव्यापार हा या गुन्ह्याचा एकमेव प्रकार नाही, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांनी आपली मुले काही हजार रुपये व एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबण्यासाठी दिल्याचे उघडकीस आले. ते उघडकीस आले, तेही एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. यात कोणी परप्रांतात नेले गेले नव्हते आणि कोणतीही टोळी नव्हती. पालकांची 'संमती' होती. तरीही ती वेठबिगारी होती व अपव्यापारही होता.

१९९६ ची सुटका व तिने दिलेला धडा :

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घेऊन दिलेल्या आदेशानंतर पोलिसांनी मुंबईतील कुंटणखान्यांवर मोठी कारवाई केली. चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढण्यात आल्या. त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास नेपाळमधील होत्या. त्यापूर्वी एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशी कारवाई क्वचितच झाली असेल. मात्र दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, तो त्यांना ठेवायचे कोठे याचा. शासकीय गृहांची क्षमता अपुरी होती, वैद्यकीय सोय तुटपुंजी होती, भाषा समजणारे कर्मचारी नव्हते. अनेक मुलींना आपण सुटलो आहोत की अटकेत आहोत हेच कळत नव्हते. काहींनी पळ काढला. नेपाळच्या शासनाने त्यांना परत घेण्याची तत्परता दाखविली नाही, अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला. परत गेलेल्या मुलींपैकी काहींनी त्याच वर्षी काठमांडूत 'शक्ती समूह' ही संघटना स्थापन केली. अपव्यापारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनीच उभारलेल्या या संघटनेला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या घटनेकडे दोन दृष्टींनी पाहता येते. प्रशासकीय दृष्टीने ती यशस्वी कारवाई होती, कारण आकडा मोठा होता. समाजकार्याच्या दृष्टीने मात्र छाप्याची तयारी आणि छाप्यानंतरची तयारी यांतील दरी तीत उघडी पडली. छाप्याला एक रात्र लागते, पुनर्वसनाला तीन-चार वर्षे लागतात. पोलिसांच्या अधिकारकक्षेत फक्त पहिली गोष्ट येते. दुसरी कोणाच्या कक्षेत येते, याचे स्पष्ट उत्तर त्या वेळी शासनाच्या कोणत्याही विभागाजवळ नव्हते.

क्षेत्रकृती प्रकल्प : एक कार्यपद्धती :

टाटा संस्थेत 'फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पांची पद्धती थोडक्यात अशी. अध्यापकाला अध्यापन वा संशोधन करीत असताना शासकीय यंत्रणेत एखादी पोकळी दिसते. तो तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नेमतो. हा कार्यकर्ता वेतन घेणारा असतो, विद्यार्थी वा स्वयंसेवक नव्हे. यंत्रणेच्या लेखी परवानगीने तो तिच्या आवारातच बसतो, रोज नोंदी ठेवतो. विद्यार्थी त्याच्या हाताखाली क्षेत्रकार्य शिकतात. काही वर्षांनी नोंदींच्या आधारे शासनाकडे नियम बदलण्याची किंवा ते पद शासनानेच निर्माण करण्याची मागणी केली जाते.

या पद्धतीचा ठळक नमुना १९८४ चा आहे. मुंबई पोलीस आयुक्तालयात 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष' सुरू झाला आणि पोलिसांच्या इमारतीत समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. त्या गणवेशधारी नव्हत्या, पोलिसांच्या हुकमतीत नव्हत्या, मात्र पोलिसांच्या शेजारच्या टेबलावर होत्या. सुमारे वीस वर्षांच्या अनुभवानंतर २००५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे प्रारूप स्वीकारले आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत उघडले.

१९९० मध्ये गुन्हेगारीशास्त्र विभागाच्या डॉ. सनोबर साहनी यांच्या पुढाकाराने 'प्रयास' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याची धुरा प्रा. विजय राघवन यांनी वाहिली. प्रयासचा आरंभ अपव्यापारविरोधी प्रकल्प म्हणून झालेला नाही. तो पोलीस ठाणी, कारागृहे व न्यायालये यांतील बंदी आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी होता. परंतु कोठडीच्या दारात उभे राहिले की तेथे येणाऱ्या साऱ्यांचीच ओळख होते. कारागृहातील स्त्रिया, निरीक्षणगृहातील मुले, आणि अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ अन्वये शासकीय गृहात पाठविलेल्या स्त्रिया यांच्या कहाण्यांत फार अंतर नसते, हे या कार्यकर्त्यांच्या लक्षात आले. पोलीस दप्तरात एक 'आरोपी' आणि दुसरी 'पीडित' असते. दोघींकडेही शिधापत्रिका नसते, दोघींना गावाकडून निरोप आलेला नसतो आणि दोघींना बाहेर पडल्यावर पहिली रात्र कोठे काढायची हे ठाऊक नसते.

या शेवटच्या प्रश्नावर प्रयासने काढलेला मार्ग विशेष उल्लेखनीय आहे. सुधारगृहांतून परंपरेने शिवणकाम, भरतकाम, मेणबत्त्या, पापड-लोणची यांचे प्रशिक्षण दिले जात असे, अजूनही दिले जाते. अशा प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळते, पण रोजगार मिळतोच असे नाही. मालक पत्ता विचारतो, ओळखीचा माणूस विचारतो, आधी कोठे काम केले हे विचारतो. तिन्ही प्रश्नांना उत्तर नसते. प्रयासने गृहातून वा कारागृहातून बाहेर पडलेल्या व्यक्तीस सुमारे वर्षभर एखाद्या स्वयंसेवी संस्थेत कामावर ठेवण्याची योजना आखली. काम संस्था शिकवते आणि विद्यावेतन प्रयास देते. सकाळी वेळेवर पोहोचणे, वरिष्ठांशी बोलणे, आजारी असल्यास कळविणे, बँकेत खाते उघडणे, महिनाअखेरीस हातात आलेले पैसे पुढच्या महिन्यापर्यंत पुरविणे, या गोष्टी वर्षभरात अंगवळणी पडतात. वर्षाच्या शेवटी तिच्याजवळ अनुभवाचा दाखला असतो आणि विचारणा झाल्यास 'होय, ती आमच्याकडे होती' असे सांगणारे कोणी असते. ही योजना खर्चिक आहे, तिच्यात एका वेळी थोड्याच व्यक्ती सामावतात आणि काही जणी मध्येच सोडूनही जातात. वृत्तपत्रात छायाचित्र यावे असे तिच्यात काही नाही. तरीसुद्धा ज्या व्यक्तीला दलालाने 'नोकरी लावून देतो' असे सांगून नेले होते, तिला खरी नोकरी म्हणजे काय हे दाखविणारी याहून नेमकी योजना शोधणे कठीण आहे.

न्यायालयाच्या दारात :

छाप्यानंतर स्त्रियांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते. १९५६ च्या अधिनियमातील कलम १७ अन्वये दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून त्यांचे वय, चारित्र्य, पार्श्वभूमी, पालकांची योग्यता तपासावयाची असते. प्रत्यक्षात अनेकदा असे घडत असे की कुंटणखान्याच्या मालकिणीची बाजू मांडणारा वकीलच त्या मुलींच्या वतीनेही अर्ज करी. एखादा 'काका' किंवा 'भाऊ' पुढे येई आणि मुलगी त्याच्या ताब्यात दिली जाई. तो काका कोण हे तपासण्यास वेळ नसे. मुलगी पुन्हा त्याच गल्लीत किंवा दुसऱ्या शहरात पोहोचे.

या प्रथेला आळा बसला तो 'प्रेरणा' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेमुळे. टाटा संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या प्रीती पाटकर यांनी १९८६ मध्ये कामाठीपुऱ्यात प्रेरणाचे कार्य सुरू केले होते. तेथील स्त्रियांच्या मुलांसाठी १९८८ मध्ये त्यांनी रात्रीचे संगोपन केंद्र उघडले. आई धंद्यावर उभी असते त्या वेळी मूल कोठे असते, या साध्या प्रश्नातून ती कल्पना निघाली होती. २००२ मधील निकालात उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांसाठी स्पष्ट निर्देश दिले. समोर आणलेली व्यक्ती अठरा वर्षांखालील आहे काय याची प्रथम खात्री करावी. ती असल्यास प्रकरण बाल कल्याण समितीकडे पाठवावे. आरोपी मालकिणीचा वा दलालाचा वकील त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलींसाठी उभा राहू शकणार नाही. हे निर्देश वाचताना ते इतके स्वाभाविक वाटतात की त्यांसाठी याचिका करावी लागली याचे आश्चर्य वाटते. परंतु वर्षानुवर्षे न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे राहून कोणत्या प्रकरणात कोणता वकील आला हे पाहणारी माणसे नसती, तर ही गोष्ट न्यायमूर्तींपर्यंत पोहोचली नसती. प्रेरणा ही विद्यापीठाची संस्था नव्हे. मात्र क्षेत्रकार्याच्या शिक्षणातून जी निरीक्षणाची सवय लागते, तिचा वाटा या निकालात आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

दूरध्वनी, फलाट व चुकीची ओळख :

जून १९९६ मध्ये टाटा संस्थेतील अध्यापिका जेरू बिलिमोरिया यांनी संकटातील मुलांसाठी 'चाइल्डलाइन' ही दूरध्वनी सेवा मुंबईत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. १०९८ हा क्रमांक 'दस-नौ-आठ' असा उतरत्या क्रमाने म्हणता येतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही तो लक्षात राहतो. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनची स्थापना झाली आणि सेवा देशभर विस्तारली. २०२२-२३ मध्ये 'मिशन वात्सल्य' अंतर्गत ती राज्य शासनांच्या यंत्रणेकडे गेली व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. म्हणजे सत्तावीस वर्षांत विद्यापीठातील एका प्रयोगाचे शासकीय सेवेत रूपांतर झाले. त्यात काही गमावले काय, हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे.

फलाटावरील मूल हा अपव्यापारविरोधी कार्यातील सर्वांत नाजूक प्रसंग होय. मे २०२३ च्या अखेरीस बिहारमधून येणाऱ्या दानापूर-पुणे गाडीतून भुसावळ व मनमाड येथे ५९ मुलांना उतरविण्यात आले. ती सांगलीकडील मदरशांत शिकण्यासाठी निघाली होती असे सोबतच्या माणसांचे म्हणणे होते. पाच जणांना अटक झाली, मुले सुमारे दोन आठवडे बालगृहांत राहिली आणि 'मुलांची तस्करी उधळली' अशा ठळक बातम्या झाल्या. पुढे मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदविला गेल्याचे सांगून रेल्वे पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. या दुसऱ्या बातमीला पहिलीइतकी जागा मिळाली नाही. आरोपींना सुमारे महिनाभर कारागृहात राहावे लागले होते. मुलांचे पालक बिहारमधून धावत आले होते. अपव्यापाराविषयी जागृती वाढली तरी ओळखण्याचे कौशल्य वाढतेच असे नाही, हे या प्रकरणाने दाखविले. जागृती करणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावयास हवी.

अशीच दुसरी गफलत प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत होते. पुणे विद्यापीठातील रोहिणी साहनी व व्ही. कल्याण शंकर यांनी १४ राज्यांतील सुमारे ३,००० देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे सर्वेक्षण केले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की त्यांतील मोठ्या संख्येने स्त्रियांनी आधी घरकाम, शेतमजुरी, बांधकाम अशी कामे केली होती आणि तेथील मजुरी अत्यल्प होती. फसवून आणलेल्या स्त्रिया होत्याच, पण सर्व स्त्रियांचा मार्ग एकच नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीची पोलिसांनी नाकाबंदी केली, तेव्हा तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. अल्पवयीन मुलींना तेथून सोडविणे आवश्यक होते याबद्दल दुमत असू नये. परंतु वस्ती बंद करणे आणि मुलगी सोडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात दिलेल्या निर्देशांत, संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा आढावा घेऊन कालबद्ध रीतीने त्यांची सुटका करण्यास राज्यांना सांगितले आहे. संरक्षणगृहातून सुटका करण्याची वेळ यावी, याचा अर्थ कायद्याच्या अभ्यासकांनी लावावा.

गृहांच्या भिंतींआड :

टाटा संस्थेच्या 'कोशिश' या २००६ पासूनच्या प्रकल्पाचा मूळ विषय बेघर व निराधार व्यक्ती हा होता. बिहार शासनाने २०१७ मध्ये आपल्या निवारागृहांचे सामाजिक अंकेक्षण या गटाकडे सोपविले. गटाने ११० संस्थांना भेटी दिल्या आणि २०१८ च्या पूर्वार्धात अहवाल सादर केला. त्यात मुझफ्फरपूर येथील बालिकागृहात गंभीर लैंगिक अत्याचार होत असल्याचे नमूद होते. मे २०१८ च्या अखेरीस गुन्हा नोंद झाला. वैद्यकीय तपासणीत तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले. सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीस वर्ग केला आणि जानेवारी २०२० मध्ये साकेत येथील न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. मुख्य आरोपीस आमरण कारावासाची शिक्षा झाली.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की त्या बालिकागृहाच्या शासकीय तपासण्या यापूर्वीही होतच होत्या. त्या तपासण्यांत खोल्या, खाटा, धान्यसाठा व हजेरीपट यांची पाहणी होत असे. कोशिशचे कार्यकर्ते मुलींशी बोलले, कर्मचाऱ्यांना दूर ठेवून बोलले. सामाजिक संशोधनाच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मुलाखतीच्या गोपनीयतेविषयी जे शिकविले जाते, तेच त्यांनी केले.

या साऱ्या कार्याचा एक कच्चा दुवाही सांगितला पाहिजे. क्षेत्रकृती प्रकल्पांतील पदे बव्हंशी देणग्यांवर चालतात. जून २०२४ मध्ये अनुदानाचे नूतनीकरण न झाल्याच्या कारणावरून टाटा संस्थेतील शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रे देण्यात आली. काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. ज्या कामाचे मूल्य दीर्घ उपस्थितीत आहे, ते करणाऱ्या माणसाच्या नेमणुकीची मुदत वर्ष-दोन वर्षांची असते, ही विसंगती अद्याप सुटलेली नाही.

तालुक्याच्या महाविद्यालयापुढील शक्यता :

देवनारच्या संस्थेकडे असलेली साधने तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या कला-वाणिज्य वा विज्ञान महाविद्यालयाकडे नसतात. परंतु प्रश्न तेथेही असतो. सावनेर हे या दृष्टीने बोलके उदाहरण होय. नागपूरहून येणारा रस्ता येथे फुटतो : एक पांढुर्णा-बैतूलमार्गे भोपाळकडे जातो, दुसरा सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे. कोळशाच्या खाणी, संत्र्याच्या बागा, कापूस-सोयाबीनचा हंगाम आणि जवळच नागपूरसारखे रेल्वेचे मोठे जंक्शन. हंगामी मजुरांची ये-जा येथे नित्याची आहे. स्थलांतर हा गुन्हा नव्हे, किंबहुना बहुतेक स्थलांतर हे पोटासाठी केलेला रीतसर प्रवासच असते. उचल घेऊन आलेला मजूर ती फिटेपर्यंत जाऊ शकत नाही, त्याचे ओळखपत्र मुकादमाकडे असते, किंवा मजुरीचा हिशेब वर्षाच्या अखेरीसच होतो, असे दिसले तर मात्र वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ लागू होतो.

या अधिनियमाच्या कलम १३ अन्वये जिल्हा व उपविभाग स्तरावर दक्षता समित्या असतात आणि त्यांत सामाजिक कार्यकर्त्यांना स्थान असते. १९५६ च्या अधिनियमात तर सुशिक्षित नागरिकांसाठी अनेक जागा कायद्यानेच राखून ठेवल्या आहेत. कलम १३ मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्यास साहाय्य करणारे पाच जणांपर्यंतचे सल्लागार मंडळ सांगितले आहे. कलम १५ मध्ये झडतीच्या वेळी परिसरातील दोन प्रतिष्ठित व्यक्ती, त्यांपैकी एक स्त्री, उपस्थित असाव्यात अशी अपेक्षा आहे. कलम १७ मध्ये दंडाधिकाऱ्यांना चौकशीत मदत करण्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींना बोलाविता येते, त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. बाल न्याय मंडळावर दोन समाजकार्यकर्ते असतात, बाल कल्याण समितीवर अध्यक्षांखेरीज चार सदस्य असतात. या जागांची जाहिरात निघते तेव्हा महाविद्यालयीन प्राध्यापकांकडून किती अर्ज जातात, याची चौकशी प्रत्येक कर्मचारी कक्षात करून पाहण्यासारखी आहे.

दुसरी शक्यता नोंदींची आहे. बारावीनंतर अर्ज भरलेली पण प्रवेशासाठी न आलेली मुलगी, दुसऱ्या सत्रात अचानक अनुपस्थित झालेली विद्यार्थिनी, लग्न ठरल्याचे सांगून दाखला घेऊन गेलेली सतरा वर्षांची मुलगी. या नोंदी महाविद्यालयाच्या कार्यालयात असतात, पण त्या एकत्र वाचल्या जात नाहीत. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश देताना हरविलेल्या प्रत्येक मुलाबाबत अपहरण वा अपव्यापार झाला असावा असे गृहीत धरून गुन्हा नोंदविण्यास सांगितले. पालक तक्रार करण्यास कचरतात, तेव्हा दोन महिन्यांच्या हजेरीपटासह सोबत जाणारा वर्गशिक्षक त्यांना उपयोगी पडतो.

तिसरी शक्यता सामाजिक तपासणी अहवालाची आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे समितीपुढे आलेल्या मुलाच्या घरची चौकशी समाजकार्यकर्ता, प्रकरण कार्यकर्ता किंवा बालकल्याण अधिकारी यांच्याकडून पंधरा दिवसांत पूर्ण व्हावयाची असते, म्हणजे समितीला चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. नागपुरात समाजकार्याचे शिक्षण देणारी मातृसेवा संघ व तिरपुडे यांची महाविद्यालये दीर्घकाळापासून आहेत आणि त्यांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्थांत जातात. सावनेर, कळमेश्वर, काटोल या तालुक्यांतील महाविद्यालयांनी समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसह त्यांच्याशी जोडून घेतल्यास, प्रशिक्षित पर्यवेक्षकाच्या हाताखाली अशा अहवालांसाठीची गावपातळीवरील माहिती वेळेत गोळा होऊ शकते. मुलीचे घर सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या बाजूला असेल तर अडचण वाढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यामुळे नागपूरच्या समितीला आता वेगळ्याच जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाशी पत्रव्यवहार करावा लागतो, तोही दुसऱ्या राज्याच्या. त्या गावांत मात्र घराघरांत मराठी बोलली जाते आणि सावनेरहून तेथवर एस. टी. ने दिवसाउजेडी जाऊन परत येता येते. मुलीला घेण्यासाठी आलेला 'मामा' खरोखर मामा आहे काय, एवढे विचारून येण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.